टिपूच्या वाड्यातली व्यायामशाळा

१९२२ साली बंगळूरच्या किल्ल्याजवळ, टिपू सुलतानाच्या वाड्यात, पंचविशीतल्या एका तरुणाने व्यायामशाळा काढली. हा सागवानी वाडा १७९१ मध्ये बांधून पूर्ण झाला होता. त्याच्याही दीडशे वर्षे आधी हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि कोट, पेठ, तलाव यांचा पसारा त्यांनी पाहिला होता. वाड्याशेजारच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात पुढे १९५५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तिथले विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावर स्नायू शिकू लागले. त्याच परिसरात तेहतीस वर्षे आधी काही तरुण हेच स्नायू स्वतःच्या जिवंत अंगावर शिकत होते. त्यांच्या गुरूचे नाव कोलार वेंकटेश अय्यर, म्हणजे के. व्ही. अय्यर.

योगायोग असा की १९२२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिकही स्नायूंसाठीच दिले गेले. इंग्लंडच्या आर्चिबाल्ड हिल यांनी आकुंचन पावणारा स्नायू किती उष्णता सोडतो ते मोजले होते. जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांनी स्नायूत खर्च होणारा प्राणवायू आणि तयार होणारे लॅक्टिक आम्ल यांचा हिशेब मांडला होता. बंगळूरच्या या तरुणाचा त्या प्रयोगशाळांशी काही संबंध नव्हता. प्रश्न मात्र बराचसा सारखा होता: हाडांवर ताणलेला हा लाल गर नेमका काय करतो, आणि त्याच्याकडून काय काय करून घेता येते?

तो काळ शरीराच्या वेडाचा होता. प्रशियात जन्मलेला पहिलवान युजीन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला होता. त्याचे डंबेल्स, स्प्रिंगा आणि मोजमापांचे तक्ते संस्थानिकांपासून कारकुनांपर्यंत पोचले होते. दुसरीकडे देशी तालमींनाही नवे बळ चढले होते. बडोद्यात राजरत्न माणिकराव जुम्मादादा व्यायाममंदिर चालवत होते, अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे होते. हिंदी माणूस दुबळा, हा साहेबी टोमणा सगळ्यांच्याच जिव्हारी लागलेला. उत्तर काय द्यायचे यावर मात्र एकमत नव्हते. एक पक्ष म्हणे, विलायती लोखंड उचला. दुसरा म्हणे, जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब असताना परक्या साधनांची गरजच काय? वर्षानुवर्षे हा वाद आखाड्यांत आणि मासिकांत रंगत राहिला.

म्हैसूर संस्थानाची स्वतःची परंपराही कमी नव्हती. दसऱ्याला राजवाड्यात वज्रमुष्टीच्या कुस्त्या खेळणारे जेट्टी मल्ल होते. निखळलेले सांधे बसवण्यात, मोडलेली हाडे बांधण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. कुस्तीत सांधा कुठे सुटतो हे ज्याला कळते, त्यालाच तो कुठे बसवायचा तेही कळते. १८९६ मध्ये बंगळूरहूनच ‘व्यायामदीपिका’ नावाचे एस. भारद्वाज यांचे पुस्तक निघाले होते आणि त्यात देशी कसरतींची व्यवस्थित मांडणी होती. म्हणजे अय्यर यांच्यासमोर पाटी कोरी नव्हती. त्यांनी वेगळे केले ते इतकेच, पण ते फार मोठे होते: देशी की विलायती हा वाद बाजूला ठेवून त्यांनी थेट स्नायूकडे पाहिले.

१९३० मध्ये त्यांचे ‘मसल कल्ट’ हे इंग्रजी पुस्तक आले. त्यांची छायाचित्रे तेव्हा परदेशी व्यायाम-मासिकांतही छापली जात. ग्रीक पुतळ्यांच्या ढंगात, अंगावर जेमतेम लंगोट, प्रकाश एका बाजूने घेतलेला. आजच्या वाचकाला त्यात आत्मप्रदर्शन दिसेल, आणि ते होतेच. स्वतःच्या देहाच्या सौंदर्याबद्दल अय्यर जराही संकोच न करता लिहीत. पण अशी छायाचित्रे दुसऱ्याही डोळ्यांनी पाहावीत. खांद्यावरच्या स्नायूचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग, बरगड्यांवर बोटांसारखे रुतलेले करवती स्नायू, पोटावरचे आडवे पट्टे हे सारे त्यांत वेगवेगळे ओळखू येते. ज्या देशात मानवी देहाचे चित्र बहुतेकांना पाठ्यपुस्तकातही दिसत नव्हते, तिथे हा घरबसल्या पाहायला मिळणारा शरीररचनेचा नकाशा होता.

माणसाच्या अंगात २०६ हाडे आणि सहाशेहून अधिक स्नायू. या सगळ्या स्नायूंना एकच काम येते: ओढणे. ढकलणे कोणालाच येत नाही. भिंत ढकलतानाही दंडाच्या मागचा स्नायू कोपराचे हाड मागून ओढतो आणि हात सरळ होतो, म्हणून ढकलल्यासारखे वाटते. म्हणूनच स्नायू जोडीजोडीने बसवलेले आहेत. दंडाच्या पुढची बेंडकुळी कोपर वाकवते, मागचा स्नायू ते सरळ करतो. शिवाय ही जागा सोयीची नाही. बेंडकुळीची कंडरा कोपराच्या सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला धरते आणि वजन मात्र तळहातावर, सांध्यापासून तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर असते. पाच किलोचे डंबेल कोपर काटकोनात ठेवून नुसते धरायचे तरी आतल्या स्नायूंना त्याच्या सात-आठ पट ओढ लावावी लागते. निसर्गाने इथे ताकदीचा सौदा करून वेग आणि पल्ला विकत घेतला आहे. स्नायू थोडासा आखडतो आणि हात भलामोठा कंस काढतो. गोफण, गोलंदाजी, कोयत्याचा घाव ही सगळी या सौद्याची मिळकत.

त्या काळच्या व्यायामशाळांत ‘मसल कंट्रोल’ची मोठी चलती होती. मॅक्सिक या नावाने गाजलेल्या युरोपियन पहिलवानाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती लोकप्रिय केली. कलकत्त्यात बिष्णुचरण घोष आणि केशव सेनगुप्त यांचे या विषयावरचे पुस्तक १९३० मध्येच निघाले, अय्यर यांचे निघाले त्याच वर्षी. शेजारचे स्नायू शांत ठेवून हवा तोच स्नायू फुगवायचा, हलवायचा, सोडायचा, हा तो खेळ. जत्रेतल्या करामतीसारखा दिसला तरी त्याच्या मुळाशी खरे शरीरशास्त्र आहे. स्नायूतले तंतू एकेकटे हुकूम घेत नाहीत. पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी तंतूंच्या एका अख्ख्या गटाला हुकूम देते. डोळ्याच्या स्नायूत असा गट काही मोजक्या तंतूंचा असतो, पोटरीत हजाराहून मोठाही असू शकतो. नवशिक्या माणूस व्यायाम सुरू करतो तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांशी या हुकुमांच्या शिस्तीतून येते, स्नायू जाड व्हायला वेळ लागतो. अय्यर यांचे शिष्य आरशासमोर उभे राहून नेमकी हीच शिस्त अंगी बाणवत होते. चेतापेशींच्या गटांची मोजदाद त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

हठयोगातली नौली ही मसल कंट्रोलची जुनी देशी बहीण. श्वास बाहेर टाकून पोट आत ओढायचे आणि पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध खांबासारखे वेगळे काढायचे. या क्रियेवर शास्त्रीय हत्यारे घेऊन पहिल्यांदा चाल केली ती मराठी माणसाने. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी आधी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले, मग १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, परमहंस माधवदासांचे नाव दिले. पोटातली नळी आणि पाऱ्याची पातळी यांच्या साक्षीने योगावर बोलायचे, ही रीत लोणावळ्यात रुजली. बंगळूरला त्याच काळात आरसा, कॅमेरा आणि लोखंड होते. दोन्ही ठिकाणी शरीराकडे पाहण्याची नजर मात्र एकच होती: आधी दाखवा, मग सांगा.

आणि इथे अय्यर यांच्या कथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. डंबेल्स, बारबेल आणि स्प्रिंगांवर ज्याचे नाव झाले होते, त्यानेच ‘मसल कल्ट’मध्ये लिहिले की आपले शरीर घडवण्यात या सगळ्या लोखंडापेक्षा हठयोगाचा वाटा मोठा आहे. पहिलवानकीच्या बाजारात हे लिहिणे सोपे नव्हते. त्यांच्या सोबतीला होते योगाचार्य सुंदरम. आसने करतानाची छायाचित्रे देऊन घरच्या घरी योग शिकवणारे त्यांचे ‘यौगिक फिजिकल कल्चर’ हे इंग्रजी पुस्तक १९२० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरहून निघाले; या प्रकारच्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. दोघे मिळून व्याख्याने देत, प्रात्यक्षिके करत. एकाच व्यासपीठावर पिळदार दंड आणि लवचीक कणा.

हे दोन्ही एकत्र का नांदावेत, याचे उत्तर शरीरशास्त्रात हळूहळू जमा होत होते. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवले होते की एखादा स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच सैल पडण्याचा हुकूम देतो. १९३२ चे नोबेल त्यांना मिळाले. पश्चिमोत्तानासनात मांडीच्या मागच्या शिरा नुसत्या ओढून ताणायला गेले तर त्या उलट्या आवळतात. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करून गुडघ्याची वाटी वर उचलली की मागचा स्नायू सोडायला तयार होतो. म्हणजे ताण आणि ढील या परस्परांच्या वैरिणी नाहीत. एकीशिवाय दुसरी नीट घडत नाही.

ढील पडणे ही फुकटची गोष्टही नाही. हंगेरीच्या सेगेड विद्यापीठात १९४०-४२ च्या सुमारास आल्बेर्ट सेंट-ड्यॉर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूतली दोन प्रथिने, मायोसिन आणि ॲक्टिन, वेगळी काढली. त्यांचे धागे बशीत ठेवून त्यावर एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा द्राव टाकताच धागे आपसूक आखडले. पुढे १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी, अँड्र्यू हक्सली व रोल्फ निडेरगर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, खुलासा केला की आकुंचनात हे धागे स्वतः लहान होतच नाहीत. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत सरकवावीत तसे ते एकमेकांत सरकतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. आणि सोडायलाच एटीपी लागतो. तो संपला की पकड सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते ते याच कारणाने. शवासनात सैल पडलेला जिवंत स्नायू ऊर्जेच्या जोरावर सैल असतो. १९४३ मध्ये अय्यर यांनीही व्यायामातल्या रासायनिक बदलांवर एक पुस्तक लिहिले. पीळ कमावणाऱ्या माणसाला स्नायूच्या रसायनाचीही ओढ लागावी, ही त्याच्या जिज्ञासेची खूण म्हणायला हवी. लॅक्टिक आम्लालाच आकुंचनाचे कारण मानणारा त्या पिढीचा सिद्धान्त पुढे टिकला नाही, आणि त्यात अय्यर यांचा दोष नाही. खुद्द हिल यांनाही आपली मते बदलावी लागली होती.

बंगळूर आणि महाराष्ट्र यांची सर्वांत घट्ट गाठ पडली ती सूर्यनमस्कारावर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः आधी सँडोचे भक्त. १८९७ पासून दहाएक वर्षे त्यांनी सँडोची साधने वापरली. मग मिरजेच्या बाळासाहेबांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि कधीही परतले नाहीत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, १९२८ मध्ये त्यावर पुस्तक काढले. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने तेच ज्ञान छापले गेले. १९३७ मध्ये बंगळूरहून अय्यर यांनीही ‘सूर्यनमस्कार’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. राजा लोखंड टाकून नमस्काराकडे गेला, अय्यर यांनी लोखंड हातात ठेवूनच नमस्कार घातला. माझ्या मते शरीरशास्त्राच्या बाजूने अय्यर यांचे पारडे जड आहे, कारण दोन्ही कसरती एकच काम करत नाहीत.

नमस्कारात कणा आळीपाळीने पुढे वाकतो आणि मागे जातो. कण्याचे ३३ मणके. त्यातले वरचे २४ हलते, खालचे जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड बनलेले. वाकताना आणि ताणताना मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब पुढून मागे, मागून पुढे फिरत राहतो. चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या द्रवातून जे झिरपते त्यावरच त्या जगतात, म्हणून हालचाल त्यांना पोसते. शिवाय नमस्कारात छाती हळूच जमिनीकडे नेतानाचा जो टप्पा आहे, तिथे दंडाचा मागचा स्नायू भार पेलत पेलत लांबत असतो. जोर आणि बैठकांतही खाली जाताना हेच होते. भार पेलत लांबणारा स्नायू फार थोडक्या ऊर्जेत मोठे बळ लावतो. १९५२ मध्ये लंडनमध्ये याचे एक मनोवेधक प्रात्यक्षिक झाले. दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकीवर पुरुष पुढे पायडल मारणार, दुसरीवर बाई त्याला अडवणार. मारणारा दमून गेला, अडवणारी ब्रेंडा बिगलंड मात्र फारशी दमली नाही. डोंगर चढून दम लागतो आणि उतरून दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्याचेही मूळ इथेच आहे: उतरताना ऊर्जा कमी लागते, पण लांबत जाणाऱ्या तंतूंना सूक्ष्म इजा जास्त होते.

उलट हाडाला वजन हवे असते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार आतली जाळी बदलत राहते. भार पडला की तिथे हाड घट्ट होते, भार गेला की विरळ. नमस्कारातून कण्याला हालचाल भरपूर मिळते, पण मांडीच्या हाडावर वाढता भार टाकायचा तर खांद्यावर लोखंड घेऊन बैठक मारणे जास्त पुरते. टिपूच्या वाड्यातल्या त्या जोडीमागचे शास्त्र असे आहे.

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांनी अय्यर यांना बोलावून घेतले. पक्षाघातात स्नायू आणि हाडे शाबूत असतात, मेंदूकडून येणारा हुकूम तुटतो. हुकूम न मिळालेला अवयव तसाच पडू दिला तर सांधे आखडतात आणि स्नायू आखूड होऊन बसतात, मग हुकूम परत आला तरी हात हलत नाही. म्हणून मालिश, सांध्यांची हालचाल आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम. अय्यर यांच्या उपचारांनी महाराजांना गुण आला आणि संस्थानाचा आश्रय पक्का झाला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात अय्यर यांच्या पद्धतीची व्यायामशाळा उघडली. ती त्यांचे शिष्य अनंतराव चालवत.

त्याच राजवाड्यात, काही पावलांवर, १९३३ पासून टी. कृष्णमाचार्य यांची योगशाळा होती. इकडे बारबेल, तिकडे आसने, मध्ये थोडेसे अंगण. कोणी कोणाकडून काय उचलले यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. मार्क सिंगलटन यांनी २०१० मधल्या ‘योगा बॉडी’ या पुस्तकात दाखवले की आजचा जगभरचा आसनप्रधान योग आणि त्या काळची व्यायामसंस्कृती यांच्यात भिंत नव्हती. काहींना हे योगाचे अवमूल्यन वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. एका राजाश्रयात, एका छपरापाशी दोन जाणते गुरू शरीरावर विचार करत असताना एकमेकांकडे त्यांनी डोळेझाक केली असती, तर तेच नवल ठरले असते.

या योगशाळेत १९३४ मध्ये बंगळूरचा एक काडी पहिलवान दाखल झाला. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूर गावात १९१८ साली जन्मलेला, लहानपणीच बंगळूरला आलेला, नवव्या वर्षी वडील गेलेला. मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेला. कृष्णमाचार्य त्याचे मेहुणे. नाव बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. एका प्रात्यक्षिकात गुरूंनी त्याला अचानक हनुमानासन करायला सांगितले, एक पाय सरळ पुढे, एक सरळ मागे, बैठक जमिनीला. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडले जातात. म्हणजे ते दोन सांधे ओलांडतात. कंबरेत पाय पुढे वाकवून गुडघाही सरळ ठेवला की दोन्ही टोकांनी ते एकाच वेळी ताणले जातात. तयारी नसलेल्या त्या पोराचे स्नायू फाटले आणि नीट चालायला त्याला पुढे बराच काळ लागला. पुढे शिष्यांना गुडघ्याची वाटी वर उचलायला सांगताना त्यांच्या आवाजाला जी धार असे, ती या दुखण्यातून आली असावी असे मानायला जागा आहे.

त्यांना पुण्याला आणले एका मराठी शल्यचिकित्सकाने. १९३६ मध्ये कृष्णमाचार्यांची मंडळी प्रात्यक्षिके करत बेळगावला आली होती. तिथले सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ती पाहिली आणि पुण्यासाठी एक शिक्षक मागितला. १९३७ मध्ये अठरा वर्षांचा अय्यंगार सहा महिन्यांच्या बोलीवर डेक्कन जिमखान्यावर आला. मराठी येत नव्हते, इंग्रजी तोडकेमोडके, आणि समोरचे कॉलेजकुमार त्याच्यापेक्षा धडधाकट. सहा महिन्यांचे पुढे आयुष्य झाले. नंतर डॉ. गोखले आणि अय्यंगार यांची जोडी एकत्र कार्यक्रम करू लागली: अय्यंगार आसन करत, गोखले त्यातले स्नायू, सांधे, नसा समजावून सांगत. बंगळूरला अय्यर-सुंदरम यांनी जे सुरू केले होते, त्याला पुण्यात शल्यचिकित्सकाचे ज्ञान येऊन मिळाले. कोणता स्नायू हाडाला कुठे चिकटतो, कातडी कुठल्या दिशेने सरकते, टाचेचा बाहेरचा काठ दबला तर गुडघ्याचे काय होते, ही अय्यंगारांची बारीकसारीक भाषा १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’मधून जगभर गेली.

अय्यर यांची दुसरी मराठी वाट टपालाने गेली. ते पत्रद्वारा शिकवत. शिष्य आपली मापे आणि छायाचित्रे पाठवत, गुरू व्यायाम नेमून देत. मुंबईच्या सारस्वत कुटुंबातला रमेश बाळसेकर हा त्यांचा नामांकित शिष्य. १९३८ मध्ये त्याने अखिल भारतीय ‘बॉडी ब्यूटिफुल’ स्पर्धा जिंकली, १९४० मध्ये ‘स्ट्रीमलाइन्स’ हे आपल्या शरीराच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला हा तरुण पुढे बँक ऑफ इंडियात सर्वोच्च पदापर्यंत चढला. निवृत्तीनंतर मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने तो इंग्रजीत उलगडून सांगू लागला, १९८२ मध्ये त्यांच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले आणि स्वतःच अद्वैताचा गुरू म्हणून देशोदेशीच्या जिज्ञासूंना परिचित झाला. देह म्हणजे मी नव्हे असे सांगणाऱ्या या माणसाने आधी देहाची इतकी निगुतीने मशागत केली होती, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते.

१९४० मध्ये म्हैसूरच्या महाराजांच्या मदतीने बंगळूरच्या जे. सी. रोडवर अय्यर यांच्या व्यायामशाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराज वारले. या व्यायामशाळेत लोखंडाच्या खणखणाटाबरोबर नाटकांचे संवादही ऐकू येत, कारण कन्नड नाटककार टी. पी. कैलासम हे अय्यर यांचे जिवलग मित्र. खुद्द अय्यर कन्नडमधले कादंबरीकार झाले. होयसळ राणी शांतला हिच्यावरची त्यांची ‘शांतला’ आजही वाचली जाते.

त्यांच्या विचारात उणिवा होत्या, त्या लपवण्यात अर्थ नाही. प्रमाणबद्ध पुरुषदेह हाच त्यांचा आदर्श. बायका, म्हातारी माणसे, ओझी वाहून झिजलेले हमाल त्या छायाचित्रांत नाहीत. आणि दिसायला सुंदर स्नायू कामालाही तितकाच चांगला असतो, असे काही नाही. कण्याला बिलगलेले लहान स्नायू, खांद्याची खोबण सांभाळणारे चार स्नायू, ओटीपोटाचा तळ हे आरशात दिसत नाहीत, आणि उतारवयात माणूस नीट उठतो-बसतो तो बराचसा त्यांच्या जिवावर. छायाचित्राच्या युगाने जे दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष केले. आजच्या जिमही त्या चुकीतून पुरत्या बाहेर आलेल्या नाहीत.

अय्यर १९८० मध्ये वारले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात साठीतल्या अय्यंगारांना स्कूटरचा अपघात झाला आणि कणा व खांदा जायबंदी झाले. ज्या आसनांवर जग त्यांना ओळखत होते त्यांतली बरीचशी त्यांना येईनाशी झाली. त्यांनी ती नव्याने शिकायला घेतली, आणि आधीपासून वापरात असलेली खुर्ची, पट्टा, लाकडी घोडा, भिंतीतले दोर ही साधने त्यांनी आता स्वतःच्याच दुरुस्तीसाठी राबवली. दोराच्या पट्ट्यात कंबर अडकवून डोके खाली सोडले की कण्यावर एरवी दाब टाकणारे धडाचे वजनच त्याला ताण देऊ लागते. तोल सांभाळण्यासाठी सतत आवळलेले पाठीचे स्नायू, भार दोरावर गेला म्हणून, हळूहळू पकड सोडतात. अय्यंगारांच्या पुण्याच्या संस्थेत आजही पाठदुखीचे रुग्ण भिंतीशी असे लोंबकळलेले दिसतात, शेजारी शिक्षक उभा असतो आणि रुग्णाच्या मांडीवर हात ठेवून कोणता स्नायू अजून सुटलेला नाही ते सांगत असतो.